खोटं बोलणारी पट्टी

आमच्या पिंपरी-चिंचवडात रविवार गुरुवारी येतो. नवीन लग्न होऊन इथं आलेल्या मुलीला ही गोष्ट उमगायला दोन-तीन आठवडे जातात. सगळ्याच भागांतले कारखाने एकाच वारी बंद राहिले तर विजेचा ताळमेळ बसत नाही, म्हणून सुटीचे वार वाटून दिले गेले आणि आमच्या पट्ट्याला गुरुवार मिळाला. मोठ्या कंपन्यांचं वेळापत्रक पुढे बदललं असेल, पण भोसरीतल्या लहान वर्कशॉपांचा गुरुवार तो गुरुवारच. मी साताऱ्याकडची, कोरेगावची. माहेरची बारशी, साखरपुडे, हळदीकुंकू सगळं रविवारी आणि नवरा मोकळा गुरुवारी! तीस वर्षं मी एकटीनं आहेर पोचवले आणि सांगत राहिले, ‘‘यांची ड्युटी आहे हो.’’

बरं, गुरुवारी घरी असले म्हणून हे माझ्या वाट्याला यायचे असं नाही. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून यांनी तिथं आपलं सुतारकाम मांडलेलं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीजही जायची. खाली मिक्सर मुका, टीव्ही मुका आणि वरून करवतीची घरघर. ‘‘वीज गेली म्हणून काय झालं? हात आहेत ना,’’ हे म्हणायचे. मी कुरडया वाळत घातल्या की नेमका त्याच दिवशी रंधा निघायचा. दिवाळीनंतर तळलेल्या कुरडईत भुसा सापडला म्हणून आमच्यात झालेलं भांडण सूनबाईला अजून तोंडपाठ आहे.

हे पॅटर्नमेकर. मैत्रिणींनो, हा शब्द तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी ऐकला नसेल. मीही लग्न ठरलं तेव्हा ‘कपड्यांचे पॅटर्न कापतात की काय’ असंच समजले होते. पंपाची बॉडी असो की इंजिनाचा ठोकळा, लोखंडाची अशी वस्तू ओतायची तर आधी ती हुबेहूब लाकडात घडवतात. तो लाकडी पॅटर्न वाळूत दाबून अलगद बाहेर काढतात आणि उरलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओततात. अंगणात मुलं ओल्या मातीत वाटी दाबून खळगा करतात ना, तसंच. पॅटर्न वर उचलताना वाळू ढासळू नये म्हणून त्याच्या बाजूंना बारीकसा उतार द्यावा लागतो. वाटीचं तोंड रुंद आणि बूड अरुंद असतं, म्हणून तर ती सुटते.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ साली, एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली, टेल्कोचा कारखाना आला १९६६ साली. या मोठ्या नावांच्या मागे भोसरीत लहान लहान फाउंड्र्या उभ्या राहिल्या, आणि फाउंड्री म्हटली की पॅटर्नमेकर हवाच. हे आयटीआय करून आले आणि एका लहान शॉपमध्ये लागले. आमच्या घराण्यात सुतारकी नव्हती. गावाकडे लोक अजून विचारतात, ‘‘तुमचे मालक सुतार आहेत का?’’ हे हसून म्हणायचे, ‘‘आहे ना, पण लोखंडाचा.’’ आता पॅटर्नही बहुतेक ठिकाणी कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर कापतात. लाकडाचं हातकाम उरलंय ते सुट्या, लहान ऑर्डरींपुरतं.

२०१७ साली हे निवृत्त झाले. ‘‘आता आठवड्याचे सात गुरुवार,’’ म्हणाले. पुढच्याच वर्षी उजवा हात थरथरायला लागला. काम करताना नाही, नुसता मांडीवर ठेवलेला असताना. मग सही बारीक बारीक होत गेली, इतकी की बँकेत जुन्या सहीशी जुळेना. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. इंग्रजीत पार्किन्सन्स. ज्या माणसानं आयुष्यभर केसाच्या जाडीचं माप सांभाळलं, त्याला शर्टाचं बटण लावायला दहा मिनिटं लागू लागली. गच्चीचा जिना बंद झाला. मी शेडला कुलूप लावलं आणि खरं सांगते, मनात कुठेतरी कुरडयांचा विचारही आला. माणूस असा विचित्र असतो.

तीन वर्षं त्या कुलपाकडे कुणी बघितलं नाही. मग २०२१ची खंडेनवमी आली. आपल्याकडे या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि आमच्या पट्ट्यात तर ती दसऱ्याहून मोठी. मशिनींना झेंडूच्या माळा, शॉपच्या दारात रांगोळी. हे म्हणाले, ‘‘पेटी खाली आण.’’ मुलानं आणली. उघडली तर आत तांबूस गंज. पटाश्या, रंध्याची पाती, करवत, सगळ्यावर चार पावसाळे बसलेले. यांनी काही न बोलता कुंकू लावलं. हात थरथरत होता, त्यामुळे ते सगळीकडे सांडलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा हळूच मला म्हणाला, ‘‘आई, देऊन टाकू या का? बाबांना बघून त्रासच होतोय.’’ त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला. किलोवर! मी त्याला दारातूनच परत पाठवलं. प्रेमानं वगैरे नाही हं, संतापानं. ज्या पटाशीसाठी या माणसानं पहिल्या बोनसमधून मला साडी घेतली नव्हती, ती किलोवर?

मग गंज काढायला बसले. यात कुठलीही मोठी विद्या नाही. भांडी घासणाऱ्या बाईला जमेल असंच हे काम. साधा गंज असेल तर शिवणयंत्राचं तेल लावून तासभर ठेवायचं आणि बारीक पॉलिश पेपरनं एकाच दिशेनं घासायचं. खोलवर गेलेला असेल तर पातं रात्रभर साध्या व्हिनेगरमध्ये बुडवायचं, सकाळी चोळून धुवायचं, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं म्हणजे आंबट अंश उरत नाही. लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा. लाकडी मूठ मात्र व्हिनेगरमध्ये जाता कामा नये. आणि खोबरेल लावू नका. थंडीत ते थिजतं आणि हत्यार चिकट होतं. मी हा प्रयोग केलेला आहे.

हे खुर्चीत बसून बघत होते. तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा बोलले, ‘‘पाठ आधी सपाट कर. पटाशीची धार पाठीवर असते.’’

मला वाटलं होतं धार म्हणजे उतरता भाग घासायचा, झालं. तसं नसतं. पटाशीची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून आरशासारखी करायची, मग उतरती बाजू साधारण २५ ते ३० अंशांत धरून घासायची. दगडाला दोन बाजू असतात, एक भरड आणि एक बारीक. भरड बाजूवर घासता घासता पाठीकडे एक सूक्ष्म कड उलटते. दिसत नाही, बोटाला खरखर लागते. ती लागली की समजायचं, धारेपर्यंत पोचलो. मग बारीक बाजूवर ती कड उतरवायची. ‘‘अगं, दाबतेस कशाला? पटाशी आहे ती, कणीक नाही!’’ असं यांनी किती वेळा ओरडून सांगितलं असेल. मीही एकदा दगड आपटून उठले. म्हटलं, ‘‘तुम्हीच करा मग.’’ बोलून गेले आणि जीभ चावली. हे आपल्या हाताकडे बघत राहिले. त्या दिवशी आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

लाकूड विकत घ्यायचं तर सागवान आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण चाकणच्या पट्ट्याला एक गंमत आहे. तिथल्या गाड्यांच्या कारखान्यांत परदेशातून सुटे भाग येतात ते पाइनच्या लाकडी पेट्यांमधून आणि पॅलेटवरून. माल निघाला की पेटी भंगारात. आम्ही चिखलीजवळच्या कुदळवाडीतून अशा फळ्या आणायचो. भंगाराचा तो केवढा बाजार होता! २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तिथली बांधकामं पाडली आणि तो पसारा उठला. आता मी चाकणच्या बाजूला एका पॅलेटवाल्याकडून फळ्या घेते. रिक्षाचं भाडं धरूनही परवडतं.

ही फळी घेताना तिच्यावरचा शिक्का बघायचा. गव्हाच्या ओंबीसारखं चित्र असतं, शेजारी देशाची अक्षरं आणि प्रक्रियेची. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून २००२ साली हा आंतरराष्ट्रीय नियम झाला. ‘एचटी’ असेल तर लाकूड आतल्या गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलेलं. ते घ्यावं. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ते घरात आणू नका, बंबातही घालू नका. तेलाचे, केमिकलचे डाग पडलेली फळीही नको. आणि करवत लावण्याआधी फळीवरून लोहचुंबक फिरवा. पोटात तुटलेला खिळा असेल तर करवतीचे दात जातात.

पाइन मऊ असतं, वजनाला हलकं, शिकणाऱ्या हाताला सोसणारं. गाठी मात्र फार. गाठीवर रंधा अडला की उलट दिशेनं मारून बघायचा. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं लाकडाच्या रेषांचं असतं, एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं केस उभे. रंध्याच्या बुडाला मेणबत्ती घासली की तो सरसर सरकतो, ही युक्ती यांची. स्क्रूलाही मेणबत्ती लावली तर मनगट दुखत नाही.

आता मुख्य गोष्ट. गच्ची बंद झाल्यावर हत्यारं मी मागच्या अंगणात पत्र्याखाली आणली होती. पण मागच्या दाराला दीड इंचाचा उंबरठा. कंपवातात पाऊल उचललं जात नाही, घसटत पुढं जातं. तिथं हे दोनदा अडखळले, एकदा पडले. मुलगा म्हणाला, उंबरठा फोडू. मी म्हटलं, थांब, आतल्या बाजूनं उतार करते. दार बाहेर उघडत असल्यामुळे भिंतीच्या जाडीत आतून फळ्यांचा उतार बसण्यासारखा होता.

टेपनं माप घेतलं, भिंतीच्या दोन कडांमध्ये बरोबर ९० सेंटिमीटर. मग पेटीतली यांची स्टीलची लांब पट्टी घेतली, फळ्यांवर ९० सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि एका गुरुवारी सकाळभर करवत चालवली. वीज गेलेलीच होती. चार फळ्या, खाली दोन पाचरी. धाप लागली, पण काप असे सरळ आले की मीच माझी पाठ थोपटली. उचलून न्यायला गेले तर बसेना! प्रत्येक फळी चांगली बोटभर मोठी. पुन्हा भिंत मोजली, ९०च. पुन्हा फळी त्या पट्टीनं मोजली, तीही ९०! मला वाटलं, आता मलाच काहीतरी झालं.

हे खुर्चीतून बघत होते. म्हणाले, ‘‘पट्टी दाखव.’’ मी दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली आणि हसायला लागले. तीन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. या आजारात चेहरासुद्धा ताठर होतो, हसू चेहऱ्यावर उमटायला वेळ लागतो. पण ते हसत होते आणि खुर्ची हलत होती.

‘‘अगं, ही पट्टी खोटं बोलते! ही ओतकामाची आहे!’’

लोखंडाचा रस थंड होताना आकसतो. बीड साधारण शंभरात एक भाग, ॲल्युमिनियम त्याहून थोडं जास्त, पोलाद जवळजवळ दोन भाग. म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करावा लागतो. दर वेळी गुणाकार करत बसायला नको म्हणून पॅटर्नमेकरची पट्टीच मुळात लांबवून आखलेली असते. तिच्यावर लिहिलेला एक सेंटिमीटर हा खरा एक सेंटिमीटर नसतोच. फुटामागे तीन मिलिमीटर जास्त. माझ्या ९०मध्ये ९ मिलिमीटर वाढले ते असे. आयुष्यभर या माणसानं खोट्या पट्टीनं खरी मापं काढली आणि मी शेजारच्या खोलीत राहून मला त्याचा पत्ता नव्हता.

‘‘मग लोखंड ओतू का यात?’’ मी चिडून विचारलं.

‘‘नको,’’ हे म्हणाले, ‘‘माझी साधी पट्टी वरच्या खणात आहे. लाल दोरी बांधलेली. आण, मी सांगतो.’’

त्या दिवशी त्यांनी मला नऊ मिलिमीटर कापायला लावले नाहीत, अकरा लावले. भिंतीचं प्लॅस्टर कधी सरळ नसतं, दोन मिलिमीटर श्वासाला ठेवायचे. कापताना ते आकडे बोलत होते आणि मी खुणा करत होते. एका जागी मी गुण्या तिरका धरला तर खुर्चीत बसून त्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळी उतार बसला. वर काथ्याची पट्टी ठोकली, पाय घसरू नये म्हणून. आणि चार वर्षं झाली, रोज सकाळी हे त्यावरून मागच्या अंगणात जातात.

तेव्हापासून गुरुवार ठरलेला. ते सांगतात, मी करते. सगळंच काही छान जमतं असं समजू नका. त्यांचा आवाज आता बारीक झालाय. दोनदा विचारलं की चिडतात, आणि कान देऊन ऐकण्याची सवय मलाही नाही. पहिला स्टूल डुगडुगला. आता तो कुंड्यांखाली आहे. पण पलंगाच्या पायांखाली द्यायचे ठोकळे चांगले झाले. वरच्या बाजूला खळगा कोरला, त्यामुळे पाय घसरत नाही. पलंग चार इंच उंच झाला आणि हे आपले आपण उठायला लागले. चमच्याला आणि टूथब्रशला जाड लाकडी मुठी केल्या. बारीक दांडा पकडायला जोर लागतो, जाड दांडा तळहातात बसतो. फिजिओथेरपीच्या ताईंनी सांगितलं म्हणून पॅसेजमध्ये जमिनीवर पावलापावलाच्या अंतरानं रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. पाय जागेवर खिळला की पुढची रेघ ओलांडायची. का कोण जाणे, सपाट जमिनीवर न निघणारं पाऊल रेघ दिसली की निघतं. मला लाकडाच्या पट्ट्या ठोकायच्या होत्या. त्यांनी डोक्यावर हात मारला, ‘‘मला पाडायचंय का?’’ पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभेत मी हे उंबरठ्याचं सांगितलं तर दोघी-तिघींनी तिथंच माप लिहून घेतलं. मी आधी विचारलं, ‘‘पट्टी कुठली वापरणार?’’

तुमच्यापैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर दोन-तीन गोष्टी आधी ऐका. ड्रिल फिरत असताना पदर, ओढणी, लांब मंगळसूत्र, मोकळी वेणी जवळ नको. हातमोजे तर मुळीच नको. फिरत्या टोकात मोज्याचं कापड अडकलं तर बोट ओढलं जातं. बारीक भुसा नाकात जाऊ देऊ नये, मास्क लावावा आणि झाडण्याआधी पाणी शिंपडावं. आणि जवसाचं तेल लाकडाला लावलं असेल तर त्याचा बोळा करून फडकं कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, गोळा केलेल्या फडक्याला आपसूक आग लागू शकते. फडकं उलगडून उन्हात दोरीवर पसरायचं, पूर्ण वाळलं की मगच फेकायचं. हे मला माहीत नव्हतं. एकदा बोळा हातात घेतला तर तो कोमट! यांनी बादलीत टाकायला लावला.

पेटीची निगाही आता माझ्याकडे. मे संपता संपता सगळी पाती पुसून तेलाचा हात, पेटीत कापराच्या दोन वड्या. करवतीच्या दातांवर जुन्या पाइपचा चिरलेला तुकडा बसवायचा. पटाश्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून जुन्या नऊवारीची खिशाखिशांची गुंडाळी शिवली. ती बघून हे एवढंच म्हणाले, ‘‘खिसा पाऊण इंचीला सैल झालाय.’’ झाला होता खरा.

सध्या आमचं अडलंय ते औषधांच्या कपाटापाशी. उन्हाळ्यात मी पाइनचं छोटं कपाट केलं, दोन खणांचं. खण इतके बेताचे बसले होते की शेजारच्या काकू उघडझाप करून बघायला आल्या. जुलै लागला आणि वरचा खण गच्च. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही, रुंदीला बरंच. गेल्या गुरुवारी मी रंधा घेऊन बसले, म्हटलं दोन हात मारते.

‘‘आता नको,’’ हे म्हणाले.

‘‘अहो, गोळ्या आत अडकल्यात.’’

‘‘आता तासशील तर थंडीत खण खडखडेल. दिवाळीपर्यंत थांब.’’

मी रंधा खाली ठेवला. गोळ्या मागून फळी काढून बाहेर घेतल्या, त्या सध्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत आहेत.